जादा पाटा

आमचं शहर प्रांताची राजधानी आहे, हे बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. सचिवालयाच्या बाजूनं आलात तर पटेल. तिकडे रस्त्याला दुभाजक आहे, दुभाजकात फुलझाडं आहेत आणि झाडांना पाणी घालायला पगारी माणूसही आहे. पण मालाच्या बाजूनं, म्हणजे आमच्या बाजूनं आलात, तर आपण राजधानीत शिरतोय की खाणीत उतरतोय, असा प्रश्न पडतो. बंदराकडून येणारा रस्ता, सिमेंटच्या कारखान्यांकडून येणारा रस्ता आणि शेजारच्या प्रांतातून धान्य घेऊन येणारा रस्ता, हे तिन्ही आमच्या तिठ्यावर येऊन एकमेकांच्या उरावर बसतात. सरकारनं एका टोकाला घाऊक बाजार बांधला, दुसऱ्या टोकाला ट्रक टर्मिनस बांधलं, आणि दोहोंच्या मधून माल न्यायला रस्ता लागतो हे लक्षात यायला त्यांना एक पिढी लागली. तोवर आम्ही त्या बोळालाच हमरस्ता म्हणत होतो.

या तिठ्यावर माझं दोर आणि ताडपत्र्यांचं दुकान आहे. माझ्या भिंतीला भिंत लावून पाटेमास्तरांचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे वर पत्रे, खाली भट्टी, ऐरण, दोन जॅक आणि एक बाक. मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते, फारसे शिकायलाही नव्हते. पण काम करता करता समोरच्या ड्रायव्हरला जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगायची त्यांना खोड होती, आणि ड्रायव्हर बिचारा चाक काढलेलं असल्यामुळे पळून जाऊ शकत नसे. म्हणून मास्तर. भुवया भट्टीनं कधीच खाल्ल्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम नुकतंच काहीतरी आश्चर्याचं ऐकल्याचा भाव असायचा.

ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एक चळत असते. वरची पट्टी लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या, मधोमध बोल्टनं आवळलेल्या. पट्टीला म्हणायचं पाटा आणि सगळ्या चळतीला कमान. मालाचा भार पेलायचा तो या कमानीनं. चाक खड्ड्यात आदळलं की पाटा मोडतो, आणि आमच्या रस्त्यावर चाक आदळायचं थांबतच नसे. मास्तर मोडका पाटा काढायचे, नवा तापवायचे, घणानं ठोकून त्याला बाक द्यायचे आणि कमान पुन्हा बांधून द्यायचे. रस्ते खात्याला ते आदरानं 'आमचे भागीदार' म्हणायचे.

आमच्या रस्त्याचं उद्घाटन दर दोनतीन वर्षांनी व्हायचंच. फीत कापायला मंत्री बदलायचे, पण पुढच्या रांगेत मास्तर ठरलेले. वर्कशॉप बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते जाऊन बसत आणि सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत. मी एकदा विचारलं, मास्तर, रस्ता चांगला झाला तर तुम्ही उपाशी मराल, टाळ्या कसल्या वाजवता? ते म्हणाले की हे डांबर त्यांनी जवळून बघितलंय. आणि खरंच, मंत्र्यांच्या गाडीमागची धूळ खाली बसायच्या आत पाणीपुरवठावाले खोदायला येत, ते बुजवून गेले की टेलिफोनवाले येत, आणि मग कोणी आलं नाही तरी चालायचं.

पण मास्तरांचं नाव तीन प्रांतांत झालं ते मोडक्या पाट्यांमुळे नाही. ते झालं जादा पाट्यामुळे.

त्यासाठी आमच्या नाक्याची रीत समजून घ्यायला हवी. शहरात शिरताना आणि बाहेर पडताना एकच नाका आहे, नाक्यावर वजनकाटा आहे. काट्याखालच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असल्यामुळे तो बंद आहे, आणि पाणी उपसायचा पंप मंजुरीसाठी गेलेला आहे. तेव्हा नाक्यावरचे साहेब खुर्चीतूनच ट्रकची मागची बाजू बघत. मागून बसला असेल तर ओव्हरलोड, ताठ उभा असेल तर कायदेशीर. खात्याच्या भाषेत याला 'दृश्य तपासणी' असं भारदस्त नाव होतं.

मास्तरांनी काय केलं, तर कारखान्यानं दिलेल्या कमानीत आपल्या हातचा एक जास्तीचा पाटा घातला. त्याचा बाक असा काही जमवला की दीडपट माल भरला तरी ट्रक शाळेतल्या हुशार मुलासारखा ताठ. नाक्यावर एकही ट्रक अडेना. बटाटेवाले आले, मग सिमेंटवाले आले, मग व्यापारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले. त्यांच्या मालकीचे इतके ट्रक होते की अर्धी वाहतूक कोंडी त्यांची एकट्याची भरायची. त्यांनी भर सभेत मास्तरांना शाल दिली आणि प्रादेशिक व्यापाराचा कणा या गृहस्थांनी ताठ केला, असं भाषणात सांगितलं.

यात लबाडी आहे असं मास्तरांना कधी वाटलंच नाही, आणि ते त्यांचं सोंग नव्हतं. त्यांचा सिद्धांत होता की पाटा वजन खातो. ट्रक खाली बसला की वजन रस्त्यावर जातं. ताठ राहिला की वजन पाट्यातच राहतं, रस्त्याला लागतच नाही. हे ते प्रत्येक ड्रायव्हरला घण खाली ठेवून समजावत, आणि ड्रायव्हरला ते ताबडतोब पटे. मलाही पटलं होतं. आमच्या तिठ्यावर ते पटलं नाही असा माणूस एकच होता, आणि तो मास्तरांच्या घरातच वाढत होता.

मास्तरांना एकच लेक. आई घरी ट्रकच्या सीटांची कव्हरं शिवायची, शिवणयंत्राच्या खडखडाटात पोरीला अभ्यास सुचायचा नाही, म्हणून ती दप्तर घेऊन वर्कशॉपच्या बाकावर येऊन बसायची. घणाच्या आवाजात कसा सुचायचा, हे आमच्या कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. खड्डे नेहमी त्याच त्याच जागी का पडतात, असं तिनं लहानपणी बापाला विचारलं होतं. मास्तरांनी सांगितलं की त्यांची जागा ठरलेली असते, जशी आपली दुकानं. तिचं समाधान झालं नाही. तिनं तो प्रश्न सोडला नाही तो नाहीच; कॉलेजात रस्ते बांधायचं शिकली, परीक्षा दिली आणि रस्ते खात्यात कनिष्ठ अभियंता होऊन बसली. मास्तरांनी सगळ्या तिठ्याला चहा पाजला. या खात्याला काम कधी कमी पडणार नाही, पोरीची भाकरी पक्की झाली, असं ते ज्याला त्याला सांगत होते.

पहिली काही वर्षं ती लांबच्या विभागात होती. मग सरकारनं 'प्रादेशिक व्यापार जोडमार्ग' काढला. तिठ्यावर घराएवढा फलक लागला. त्यावर आमची राजधानी मधोमध आणि तिच्यातून चहूकडे जाडजूड बाण निघालेले. बंदराकडचा बाण तर जोराच्या भरात समुद्रात शिरला होता. त्यात बाजार ते तिठा हा तुकडा ज्या अभियंत्याकडे आला, ती मास्तरांची लेक.

झालं, मास्तरांना वाट चालणं मुश्कील झालं. जो तो म्हणायचा, मास्तर, आता काय घरचंच खातं, दुकानापुढे चार खड्डे राखून ठेवायला सांगा. मास्तर हसून साजरं करत. पण एका रविवारी मी त्यांच्या घरी बसलो असताना त्यांनी जेवता जेवता विषय काढलाच. तिठ्याजवळचं वळण जरा तसंच राहिलं तर काय बिघडेल, वळणाला थोडा ओबडधोबडपणा शोभतो, असं काहीसं ते बोलले. लेकीनं ताटातून मान वर न करता सांगितलं की वळणसुद्धा सपाटच होणार. वहिनींनी मास्तरांच्या ताटात न मागता आणखी वाढलं, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

आणि रस्ता झाला. मी आयुष्यात असा रस्ता होताना बघितला नव्हता. ही पोर डोक्याला फडकं गुंडाळून दिवसभर खडीत उभी. खडी मातकट आली म्हणून भरलेले डंपर परत धाडले. रोलरवाला चार फेऱ्या मारून पान खायला निघाला की त्याला पुन्हा वर चढवायची. ठेकेदार माझ्या दुकानात येऊन रडायचा, की काका, बाईंना समजवा, रस्ता बांधायचाय, किल्ला नाही. तिनं पाणीवाल्यांना आणि टेलिफोनवाल्यांना आधी खोदायला लावलं, तेव्हा तर त्या खात्यांत हलकल्लोळ झाला; त्यांच्या मते हा परंपरेचा अपमान होता.

उद्घाटनाला मास्तर नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत होते. त्या दिवशी मात्र टाळ्या वाजवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. अभिमानानं छाती फुगलेली आणि डोळ्यांपुढे थंड पडलेली भट्टी, असा एकाच माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो.

नंतर त्यांच्याकडे शुकशुकाट झाला. पाटे मोडेनात. मास्तर बाक उचलून रस्त्याच्या कडेला बसत आणि सूं करून जाणारे ट्रक बघत. कुणी ओळखीचा ड्रायव्हर हात करून गेला की म्हणत, बघा, पोरीनं काय रस्ता केलाय, थांबायचंसुद्धा सुचत नाही कुणाला. भट्टी थंड होती, वहिनींचं शिवणयंत्र मात्र दुप्पट चालू लागलं होतं. मला त्यांचं वाईट वाटायचं. माझे दोर बरे; माल भरला की बांधावाच लागतो.

पण व्यापारी माणूस सपाट रस्ता किती दिवस नुसता बघत राहणार? अध्यक्षांच्या लवकरच लक्षात आलं की रस्ता एवढा गुळगुळीत आहे, तर पूर्वी तीन खेपांत न्यायचा माल दोन खेपांत जाईल. त्यांनी मंडळाच्या सभेत याला 'कार्यक्षमता' म्हटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचे ट्रक मास्तरांच्या दारात उभे. एका जादा पाट्यानं भागेना, आता दोन हवे होते. मग बाकीच्यांनाही दोन हवे झाले. भट्टी पेटली ती विझेना.

आणि मास्तरांना काय वाटावं? त्यांना वाटलं, पोरीच्या रस्त्याची राखण आपल्या हाती आली. पाटा वजन खातो, तेव्हा जितके जादा पाटे, तितका रस्त्याला आराम. पूर्वी कुणी मागितला तर घालायचे. आता न मागणाऱ्यालासुद्धा अडवून घालू लागले. पैसे नाहीत म्हणणाऱ्या ड्रायव्हरला फुकट घालून द्यायचे आणि वर बजावायचे, की ट्रक ताठ ठेव बाबा, खाली माझ्या पोरीचा रस्ता आहे. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घण घालत होते. इतक्या मायेनं कुणी कुणाचं नुकसान केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

वर्ष फिरलं नाही तोच रस्त्याला चाकोऱ्या पडल्या. बाजारातून भरून निघणाऱ्या ट्रकांच्या बाजूला चाकाच्या रुंदीचे दोन चर, आत पाऊल बुडेल असे. रिकामे ट्रक ज्या बाजूनं परत येतात ती बाजू मात्र पाटीसारखी गुळगुळीत. मग चर फुटले, खडी वर आली. वर्तमानपत्रांत फोटो आले. सगळ्यांत आधी संतापले ते अध्यक्ष. जनतेच्या पैशाचा हा अपव्यय आणि प्रांताच्या व्यापाराची ही कुचेष्टा आपण सहन करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि चौकशी मागितली.

चौकशी समिती बसली. नाक्यावरच्या साहेबांनी लिहून दिलं की वर्षभरात खाली बसलेला एकही ट्रक दिसला नाही, सबब ओव्हरलोड नाही. ओव्हरलोड नाही आणि रस्ता खचला, म्हणजे रस्ताच कच्चा. मग दुसरी बाजू शाबूत कशी? समितीला तोही उलगडा झाला: येण्याच्या बाजूला बाईंनी लक्ष दिलं, जाण्याच्या बाजूला दिलं नाही. ठेकेदारानं डोळे पुसत सांगितलं की बाईंनी त्याला त्याच्या पद्धतीनं काम करूच दिलं नाही. लेकीला नोटीस आली. खात्याच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून समजावलं की जागेवर येऊन एकदा पाहणी होईल, आणि नंतर बहुधा तिला घरी बसावं लागेल. एकदा निकृष्ट कामाचा शिक्का बसला की या प्रांतात तिला कुणी अंगणाला फरशी घालायचं कामसुद्धा देणार नव्हतं.

त्या दुपारी ती वर्कशॉपमध्ये आली. मी तिथंच चहा पीत होतो. तिनं सगळं सांगितलं, रडली वगैरे नाही. तिला फक्त एवढंच कळत नव्हतं, की ट्रक बसलेले नाहीत तर रस्ता का बसला. मास्तर चवताळले. म्हणाले, रस्ता बसेलच कसा, मी डोळ्यांत तेल घालून प्रत्येक ट्रकला दोन दोन पाटे घातलेत, एकही तसा सोडला नाही.

ती बापाकडे बघत राहिली. मग बाकावर बसली.

"कशाला घातलेत बाबा?"

"तुझा रस्ता वाचावा म्हणून. पाटा वजन खातो."

"पाटा वजन खात नाही, बाबा. नुसता उचलून धरतो."

"मग खातं कोण?"

"रस्ता," ती म्हणाली.

मास्तरांनी तिला वेड्यात काढलं. एवढी वर्षं लोखंडात गेली, मला शिकवू नकोस, म्हणाले. तिनं वाद घातला नाही, उठून कचेरीत गेली. मास्तरांनी एक पाटा भट्टीत घातला, लाल झाला, बाहेर काढला आणि ठोकायचं विसरले. पाटा ऐरणीवर तसाच काळा पडला.

थोड्या वेळानं ते ऐरण छातीशी धरून माझ्या दुकानात शिरले. ती लहान ऐरण होती, तरी त्यांच्या वयाला लहान नव्हती. मी दोरांची वेटोळी ज्या काट्यावर तोलतो, त्या काट्यावर ते चढले. आधी कंबरेत वाकून उभे राहिले आणि मला काटा वाचायला सांगितला. मग पाठ ताठ केली, आणि पुन्हा वाचायला सांगितला. काटा तिथंच. मग गुडघे वाकवले, मग टाचा उचलल्या. पुढच्या वेळी मी वाचून दाखवलंच नाही, कारण त्यांना स्वतःलाच दिसत होतं. तुमचा काटा खोटा आहे, असं त्यांनी म्हणून बघितलं. मी नवं वेटोळं ठेवून त्यावरच्या चिठ्ठीशी ताडून दाखवलं. ते पुन्हा चढले, आणि ऐरण धरून नुसते उभे राहिले. मला हसू यायला हवं होतं. पण मी त्यांना खाली उतरा एवढंसुद्धा म्हणू शकलो नाही.

उतरल्यावर ते म्हणाले, "दोरीवाले, मी स्वतःच्या हातानं पोरीच्या रस्त्यावर घण घातलेत."

त्यानंतर दोन दिवस भट्टी पेटली नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून गेले. आता काय करायचं ते मास्तरांना कळत होतं, तितकंच त्याचं काय होईल तेही कळत होतं. जादा पाट्याचं बिंग फोडलं की तिठ्यावरचा एकही ट्रक त्यांच्या दारात उभा राहणार नव्हता, आणि अध्यक्षांशी वैर घेऊन या बाजारात आजवर कुणी टिकलेलं नव्हतं. त्यांनी हे वहिनींपुढे मांडलं. वहिनी कव्हराला काठ घालत होत्या. यंत्र न थांबवता त्यांनी विचारलं, "पोरीचं नाव वाकडं झालं, तर ते कुठल्या भट्टीत घालून सरळ करणार आहात?"

पाहणीच्या दिवशी मास्तरांनी सकाळीच भट्टी पेटवली. अध्यक्षांचा एक सिमेंटनं भरलेला ट्रक पाटे तपासायला आला होता, तो त्यांनी आत घेतला, दोन्ही बाजूंना जॅक लावले आणि ड्रायव्हरला वेळ लागेल म्हणून चहाला पाठवून दिला.

समिती अकराच्या सुमारास आली. पाच गाड्या, एक छत्री, मोठे साहेब, नाक्यावरचे साहेब आणि पाहुणे म्हणून अध्यक्ष. लेक एका बाजूला फायली घेऊन उभी. समितीनं चरांकडे बघितलं, माना हलवल्या. अध्यक्षांनी बुटाच्या टोकानं एक खडा उडवला आणि हा असला माल, असं म्हणाले. तेवढ्यात मास्तर हात पुसत पुढे झाले.

"साहेब, रस्ता पोरीनं बिघडवलेला नाही. मी बिघडवलाय."

लेकीनं दचकून मान वर केली. मोठ्या साहेबांनी सौम्यपणे विचारलं, की आपण रस्त्याला नेमकं काय केलंत?

"रस्त्याला काही नाही. ट्रकांना केलं."

नाक्यावरच्या साहेबांनी घाईघाईनं सांगितलं की ट्रकांत काही दोष नाही, सगळे ताठ आहेत. अध्यक्ष म्हणाले की बापाचं काळीज आहे, आपण समजून घेऊ, पण उन्हं चढताहेत. मास्तरांनी एवढंच मागितलं की समितीनं चार पावलं चालून त्यांचं वर्कशॉप बघावं. सावली होती म्हणून समिती आली.

मास्तरांनी नाक्यावरच्या साहेबांना सिमेंटचा ट्रक दाखवला आणि विचारलं, हा कसा आहे? त्यांनी सवयीप्रमाणे दोन पावलं मागे होऊन, मान तिरकी करून दृश्य तपासणी केली. ताठ आहे, म्हणजे कायदेशीर आहे, असं त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं. मग मास्तरांनी पायाशी पडलेले चार पाटे उचलून एकेक करून ऐरणीवर ठेवले. हे माझे जादा पाटे, सकाळी काढलेत, आता याला जॅकनं धरून ठेवलंय, असं म्हणून त्यांनी एका बाजूचा जॅक उतरवला, आणि मग दुसऱ्या बाजूचा.

ट्रक बसला. असा बसला की मागची फळी टायरला टेकली, पोत्यांतून सिमेंटची धूळ उडाली आणि कमानीतला एक मूळचा पाटा कडाडून मोडला. समितीतला छत्रीवाला बाहेर पळाला. नाक्यावरच्या साहेबांचा हात सवयीनं खिशातल्या पावतीपुस्तकाकडे गेला, अध्यक्षांकडे बघून तसाच परत आला.

"असे सगळे ट्रक आहेत," मास्तर म्हणाले. "सगळ्यांना मीच ताठ केलेत. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं."

अहवाल लवकर आला, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं आणि शोधायचीही कुणाला इच्छा नव्हती. रस्त्याचं काम उत्तम दर्जाचं होतं, असं समितीनं लिहिलं. लेक सुटली, नुसती सुटली नाही, तर चाकोऱ्यांची दुरुस्तीही तिच्याकडेच आली. रस्ता खचण्याचं कारण म्हणजे वाहनांत केलेला अनधिकृत बदल. माल कुणी भरला, याबद्दल अहवालात अवाक्षर नव्हतं. पाटे घातल्यावर तो आपोआप भरला गेला असावा. नाक्यावरच्या साहेबांना दक्षतेबद्दल बढती मिळाली. अध्यक्षांनी पत्रक काढलं की वाढत्या व्यापाराला हा रस्ता अपुरा पडतोय हेच यातून सिद्ध झालं, तेव्हा तो रुंद करावा. सरकारला हे पटलं. आणि रुंद करायचा म्हणजे कडेची अतिक्रमणं काढायला हवीत, हेही ओघानंच आलं.

माझं दुकान आणि मास्तरांचं वर्कशॉप एकाच रेषेत आहे, तसूभर पुढेमागे नाही. शेजारचा टायरवालाही त्याच रेषेत. नोटीस निघाली ती एकाच नावानं. माझा संताप झाला. मी मोठ्या साहेबांच्या कचेरीत जाऊन बोलूनही आलो, पण तिथं मला विचारलं, तुम्हालाही नोटीस हवी आहे का? मी गप्प घरी आलो.

आणि या तुकड्यातलं अतिक्रमण काढायची नोटीस कुणाच्या सहीनं बजावायची? तुकड्याच्या कनिष्ठ अभियंत्याच्या.

ती आली तेव्हा मास्तर अवजारं पुसत होते. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या बाकावर बसल्या होत्या. पोरीनं पिशवीतून कागद काढला आणि पुन्हा आत ठेवला. म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून रजा टाकते. दुसरं कोणीतरी सही करेल."

मास्तरांनी हात पुसले आणि कागद मागून घेतला. वाचला. सही करायची जागा रिकामी होती.

"तूच कर," ते म्हणाले.

"माझ्यानं नाही होणार."

"दुसऱ्याच्या सहीनं हे पत्रे उतरले, तर लोक म्हणतील, बापापायी कामातून पळाली. आत्ताच कुठं नाव धुऊन निघालंय तुझं. कर सही."

तिनं आईकडे बघितलं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला होता, पण मान होकारार्थी हलवली. मास्तरांनी ऐरणीवरची काजळी बाहीनं पुसली, कागद तिथंच पसरला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी कडा धरून ठेवल्या. पोरीनं त्यांच्या दोन हातांच्या मधे सही केली. ते काळे हात कागदावर उमटले, तर तिनं ते तसेच राहू दिले.

"कधीपर्यंत मुदत आहे?" मास्तरांनी विचारलं.

"पंधरा दिवस."

"कशाला पंधरा? तुझं काम अडायला नको." त्यांनी भिंतीला टेकवलेली शिडी उचलून पत्र्यांना लावली आणि वर चढू लागले. पोर धावत जाऊन खालून शिडी घट्ट धरून उभी राहिली.